शेवंताबाईंच्या दाखल्यासाठी ढाणकीपर्यंत

यवतमाळ

यवतमाळला मी गेले ती खरं तर चिडून.

पुण्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात मी तीस वर्षं शिक्षणाचं समाजशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक छोटी परिभाषा-पुस्तिका करायला घेतली. सामाजीकरण, सामाजिक गतिशीलता, सांस्कृतिक भांडवल, छुपा अभ्यासक्रम, शिक्का मारणे, गळती अशा शब्दांची सोप्या मराठीत व्याख्या आणि प्रत्येकाला एकेक उदाहरण. कच्चा खर्डा जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. बहुतेकांनी 'छान झालंय मॅडम' म्हणून हात झटकले. घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावर शिक्षिका असलेल्या वंदनानं मात्र लिहिलं, "मॅडम, 'गळती'खाली तुम्ही म्हणता, 'विद्यार्थ्याने शिक्षण पूर्ण होण्याआधी शाळा सोडणे.' हे 'सोडणे' नक्की कोणाचं? एकदा इकडे या, मग छापा."

मी तिला दीड पानी उत्तर लिहिलं. ते पाठवण्याआधी पुन्हा वाचलं, तेव्हा त्यात माझं पांडित्य तेवढं दिसलं. उत्तर पुसून टाकलं आणि यवतमाळचं तिकीट काढलं.

सप्टेंबर होता. वंदना स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. मूळची यवतमाळचीच, त्यामुळे पाहुण्याला आधी तर्रीपोहे खाऊ घालायचे हा तिचा नियम. पुण्यातले पोहे खोबरं-कोथिंबीर लेवून शहाण्या मुलासारखे समोर येतात. इथे त्यांच्यावर लालभडक रस्सा ओतला गेला आणि पहिल्याच घासाला मला असा ठसका लागला की शेजारच्या बाकावरचे गृहस्थ स्वतःचा पाण्याचा ग्लास घेऊन धावले. "पहिल्यांदा आले वाटते," ते वंदनाला म्हणाले. मी डोळे पुसत दुसरा घास घेतला. प्लेट संपवूनच उठले.

तांड्यावर

घाटंजीचा रस्ता चाळीस-एक किलोमीटरचा. सागाला पांढुरके तुरे आले होते, कपाशी कमरेला लागली होती आणि सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. फाट्यावरून आत वळलं की तांडा. इथले लोक बंजारा. पूर्वी बैलांच्या पाठीवर मालाची ने-आण करणारे, आता शेतकरी. घरात गोरबोली, बाहेर मराठी. माझ्यासारख्या बाहेरच्याला ते 'कोर' म्हणतात, हे मला पोचल्यावर दहाव्या मिनिटाला कळलं, कारण एका म्हातारीनं मला खालीवर न्याहाळून तेवढा एकच शब्द उच्चारला.

शाळा दोन खोल्यांची. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये पस्तिशीची एक बाई मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळत होती. या शेवंताबाई. शाळेचा आहार शिजवणं हे त्यांचं काम.

आत वंदना पहिलीच्या मुलांना चित्र दाखवत होती. चित्रात आई चुलीपाशी भाकरी करत होती. "हे काय आहे?" वंदनानं एका चिमुरडीला विचारलं. पोर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. माझ्या डोक्यात लगेच नोंद झाली : मंद प्रतिसाद. तेवढ्यात शेडमधून आवाज आला, "याडी! बाटी!" पोरीचा चेहरा उजळला. "याडी बाटी!" ती ओरडली आणि वर्ग हसला. "हां," शेवंताबाई बाहेरूनच म्हणाल्या, "याडीले मराठीत आई म्हनतात. बाटीले भाकर. म्हन आता." पोरीनं म्हटलं.

"माझं पहिलं वर्ष या बाईंमुळे निभावलं," वंदना मला म्हणाली. "मला गोरबोली येत नव्हती, मुलांना मराठी येत नव्हती. मध्ये या होत्या. कागदावर मात्र त्यांच्या नावापुढे फक्त स्वयंपाकी लिहिलेलं आहे."

तिच्या वर्गावर मी एका मिनिटात शिक्का मारला होता, हे मी तिला सांगितलं नाही. इथे सांगते.

दुपारी मुलं जेवून गेल्यावर वंदनानं मुद्दा काढला. शेवंताबाईंना दहावीला बसायचं होतं. बाहेरून परीक्षेला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शेवंताबाईंची शाळा सुटली आठवीत, माहेरी, ढाणकीजवळच्या एका गावात. दाखला तिथेच पडून. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार. आज बुधवार.

"मी जाऊन आणला असता," वंदना म्हणाली, "पण दुसरे सर प्रशिक्षणाला गेलेत. दोन वर्ग सोडून मला हलता येत नाही."

"मी जाते यांच्यासोबत," मी म्हणाले. माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं, आणि तांड्यावर बसून मी करणार तरी काय होते?

शेवंताबाईंनी मला नीट बघून घेतलं. "लई दूर हाय, मॅडम. तीन गाड्या बदलाव्या लागतात."

"तुम्ही बदलाल तशी मीही बदलीन."

रात्री त्यांच्याच घरी जेवले. ज्वारीची भाकर, काटवलाची भाजी आणि मिरचीचा ठेचा. काटवल म्हणजे आपली करटुली. पुण्यात ती मंडईत एखाद्या बाईच्या टोपलीत दिसतात, इथे शेवंताबाईंच्या मुलीनं ती बांधावरून खुडून आणली होती. त्यांचे यजमान खाली मान घालून जेवत होते. मग एकदम म्हणाले, "आता या वयात कायले?"

"अंगनवाडीत जागा निघते तं सर्टिफिकेट मागते," शेवंताबाई म्हणाल्या. भाकर वाढत पुढे म्हणाल्या, "आन् नाही निघाली जागा, तरी पाहिजे मले."

यजमानांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे मला समजेना. पण सकाळी सहाला मोटारसायकल काढून त्यांनी आधी मला आणि मग बायकोला फाट्यावर पोचवलं.

घाटंजी ते ढाणकी

घाटंजीहून आर्णीपर्यंत काळी-पिवळी जीप, आर्णीहून उमरखेडची एसटी, तिथून ढाणकीची. काळी-पिवळीत मी मांडीवर कोणाची तरी शिवणयंत्राची पेटी घेऊन बसले होते. एसटीत मात्र खिडकीची जागा मिळाली. शेवंताबाईंनी माझ्या पिशवीतला खर्डा पाहिला.

"हे काय लिहून राह्यल्या?"

मी सांगितलं. त्यांनी एक शब्द वाचला, बोट ठेवून, सावकाश. "सां-स्कृ-तिक भांडवल. म्हनजे?"

"घरातून मुलाला मिळालेली शिदोरी. भाषा, वाचन, बोलायची पद्धत. ज्याच्याकडे ती असते, त्याला शाळा सोपी जाते."

"म्हनजे आमच्या लेकराईकडं भांडवल नाही?"

"तसं नाही..." मी म्हणाले आणि अडखळले, कारण खर्ड्यात साधारण तसंच लिहिलेलं होतं.

"माह्या सासूले होळीचे लेंगी गाने किती येतात, मोजले नाही कोनी. तीन तीन दिवस म्हनते, एक पुन्हा येत नाही. मले अर्धे येतात. ते नाही का भांडवल?"

"शाळेत ते विचारत नाहीत."

"मंग तसं लिहा ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याईच्याकडं नाही, असं नका लिहू. शाळा विचारत नाही, असं लिहा."

मी पेन काढलं. एसटीच्या धक्क्यांनी अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहून घेतलं.

आर्णी मागे पडली, महागाव गेलं, उमरखेडला गाडी बदलली. ढाणकीला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. बाजारपेठ भरलेली. खताची दुकानं, दोरखंड-ताडपत्र्यांची दुकानं, माल भरलेले ऑटो. शेवंताबाईंनी एका हॉटेलात मला जबरदस्तीनं चहा पाजला. "आता बोलाचं आहे आपल्याले. घसा कोरडा नको."

शाळा

शाळा ढाणकीपासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर. हायस्कूल, आवार मोठं, मध्यावर एक कडुनिंब. मुख्याध्यापक चाळिशीच्या आतले, सभ्य गृहस्थ. मी ओळख सांगितली : पुण्याहून आले, अमुक शिकवायचे. त्यांनी ताबडतोब खुर्ची दिली, पंखा वाढवला. दोन मिनिटं आम्ही पुण्याविषयी बोललो. मग माझ्या लक्षात आलं की शेवंताबाई दाराशी उभ्याच आहेत.

"या बाईंचं काय काम आहे?" सरांनी विचारलं. मला विचारलं.

मी सांगायला लागले. जुना दाखला, शनिवारची मुदत. ते ऐकून घेत होते आणि दर वाक्याला माझ्याकडे बघून मान हलवत होते. "मॅडम, एवढं जुनं रजिस्टर काढायला लिपिक पाहिजे. ते कामानं बाहेर गेलेत, किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांना सोमवारी या म्हणावं."

"सोमवारी उपयोग नाही हो..." मी सुरू केलं.

"मॅडम," दारातून आवाज आला. "तुमी नका बोलू. माहा दाखला आहे."

त्या आत आल्या. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी स्वतः ओढली आणि बसल्या. माझी मान खाली गेली. तीस वर्षं जी गोष्ट फळ्यावर लिहून शिकवली, ती मी नुकतीच करून दाखवली होती. माझी भाषा, माझं पुणं, माझी खुर्ची. आणि जिचं काम होतं ती दाराशी.

"सर," शेवंताबाई म्हणाल्या, "मी घाटंजीकडून आली. सकाळी सहाले निघाली. लिपिक साहेब किती वाजता येतात?"

"चारपर्यंत येतील. पण शोधायला वेळ..."

"चार वाजेपर्यंत मी बाहेर बसते. शाळा पाचले सुटते ना? एक तास आहे. मी शोधू लागते म्हना त्याईले."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. शेवंताबाईंनी फडक्यातली भाकर सोडली, अर्धी मला दिली. त्या एकसारख्या कडुनिंबाकडे पाहत होत्या.

लिपिक चारला दहा मिनिटं असताना आले. पन्नाशीचे, दमलेले. सोमवार सोडून ते ऐकायलाच तयार नव्हते. "बाई, ती रजिस्टरं माळ्यावर आहेत. शिपाई रजेवर. माझी कंबर धरलेली."

"माही नाही धरली," म्हणून शेवंताबाईंनी पदर खोचला, बाक ओढला आणि त्यावर चढल्या. कापडात बांधलेले गठ्ठे त्या एकेक करून खाली देत गेल्या, मी ते झेलत गेले. धुळीनं मला शिंकांवर शिंका. चौथ्या गठ्ठ्यात लिपिकांना हवं ते वर्ष सापडलं. कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण मधली पानं शाबूत होती. ते बोट फिरवत गेले आणि थांबले.

"शेवंता रामसिंग. हे घ्या. दाखला कधी नेलेलाच नाही. बावीस वर्षं झाली." त्यांनी पुढचे रकाने वाचायला घेतले. "वर्तणूक चांगली. प्रगती साधारण. शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर, सबब पटावरून नाव कमी."

"मी गैरहजर नव्हती," शेवंताबाई म्हणाल्या.

"बाई, इथं लिहिलंय."

"लिहिलं असन. मी नव्हती."

गलका ऐकून मुख्याध्यापक आले. शेवंताबाई बाकावरून उतरल्या, हात झटकले आणि त्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही.

"माही लहान बहीन तवा एक वर्षाची होती. माय वावरात निंदाले जाये. घरी पोरीले पाहाले कोनी नाही. मी तिले कडेवर घेऊन शाळेत येत होती, चार किलोमीटर. ती वर्गात रडे. एक दिवस बाईनं सांगतलं, लेकरू घरी ठेव, नाही तं बाहेर बस. घरी ठेवता येत नव्हतं. मंग मी बाहेर बसली. त्या निंबाखाली. खिडकीतून सारं ऐकू येये. दोन महिने बसली. बाई हजेरी घेत, माहं नाव आलं की मी तिथूनच 'हजर' म्हनत होती. हळू म्हनत होती, पोरगी झोपलेली राहे. एक दिवस नाव आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मले वाटलं बाई विसरल्या. आठ दिवस मी वाट पाह्यली."

लिपिकांनी रजिस्टरवरचं बोट उचललं.

"मी तेव्हा स्वतः आठवीत होतो," मुख्याध्यापक म्हणाले. मग रजिस्टर स्वतःकडे ओढून, "पण ताई, नोंद मला बदलता येत नाही. जे रजिस्टरला आहे तेच दाखल्यावर उतरवावं लागतं. नाहीतर दाखला खोटा ठरेल, तुमचा फॉर्म अडकेल."

"बदलू नका. एक कागद द्या."

त्यांनी कोरा कागद दिला. शेवंताबाई टेबलाच्या कडेला उभ्या राहून लिहू लागल्या. दहा-बारा ओळींना वीस मिनिटं लागली. एका जोडाक्षरावर अडल्या तेव्हा मी पुढे झुकले; त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि ते अक्षर आपल्या पद्धतीनं लिहिलं. अर्ज असा होता : मी माझ्या लहान बहिणीला घेऊन रोज शाळेत येत होती. मी वर्गाच्या बाहेर निंबाखाली बसत होती. तिथून मी शिकत होती. मला कोणी न सांगता नाव कमी केले. मी गैरहजर नव्हती. हा कागद रजिस्टरमधे माझ्या पानाजवळ ठेवावा ही विनंती.

"याचा उपयोग काय होणार, बाई?" लिपिकांनी विचारलं. खवचटपणे नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"उपयोग नसन तं नसू द्या. ठेवा."

"आवक करून घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. लिपिकांनी आवक रजिस्टर उघडलं, क्रमांक टाकला, शिक्का मारला. शेवंताबाईंनी त्याची नक्कल मागितली. कार्यालयातल्या यंत्रावर ती काढून त्यांनी तिच्यावरही शिक्का मारून घेतला. मग दाखला लिहिला गेला. पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. शाळा केव्हाच सुटली होती आणि आवारात कोणी नव्हतं. मुख्याध्यापक आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. जाताना त्यांनी शेवंताबाईंना नमस्कार केला. मला करायचा त्यांच्याकडून राहून गेला, आणि मला ते बरं वाटलं.

आर्णी

रात्री घाटंजीला पोचणं शक्य नव्हतं. आर्णीला शेवंताबाईंची बहीण ममता राहते, एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिथे उतरायचं ठरलं. उमरखेडहून निघताना पावसाची सर आली आणि एसटीची माझ्या बाजूची खिडकी लागेना. दाखला आणि अर्ज वाचवण्यासाठी शेवंताबाईंनी ते पोलक्याच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. त्या कोरड्या राहिल्या, मी ओलीचिंब.

ममता तेवीस वर्षांची, चटपटीत, बोलकी. मला तिनं कोरडे कपडे दिले, गरम वरण-भात वाढला. आम्ही जेवत असताना तिनं पिशवीत दमट झालेले कागद पंख्याखाली पसरायला घेतले. दाखला पाहून ती आनंदानं ओरडली. मग दुसरा कागद वाचू लागली. वाचता वाचता उभीच राहिली.

"ताई, हे लेकरू कोन?"

शेवंताबाईंनी भातावर वरण घेतलं. "दुसरं कोन राहीन? तूच."

"मी?"

"लई रडकी होती तू."

"मले काहून सांगतलं नाही कधी?" ममताचा आवाज फुटला. "मी बारावी केली, नर्सिंग केलं, तू दर वर्षी माह्या फॉर्मची आठवन करत होती. कधी एक शब्द नाही?"

"काय सांगाचं त्यात? सांगतलं असतं तं तू तेच घेऊन बसली असती. तुले पुढं जायाचं होतं."

सामाजिक गतिशीलतेच्या व्याख्येत मी एक शिडी काढली होती. पायऱ्या, बाण, पिढ्या. ती शिडी कोणीतरी खाली उभं राहून धरलेली असते, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. ममता बहिणीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या ताटातला एक घास उचलून तिनं तिलाच भरवला. शेवंताबाईंनी तो खाल्ला, आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

पुन्हा घाटंजी

शुक्रवारी सकाळी ममता रजा टाकून सोबत आली. घाटंजीत ऑनलाइनवाल्याच्या दुकानात आम्ही अकराला बसलो. सर्व्हर एक वाजता बंद पडला, तीनला आला, फोटो चढेना. दुकानदार म्हणाला, "उद्या या." शेवंताबाई म्हणाल्या, "उद्या शेवटचा दिवस, गर्दी राहीन. आजच." ममतानं फोटो पुन्हा काढला, भिंतीसमोर, पदर नीट करून. साडेचारला फॉर्म गेला. छापील प्रत घेऊन आम्ही फॉर्म स्वीकारणाऱ्या केंद्राच्या शाळेत पोचलो तेव्हा तिथल्या बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. त्यांनी कुलूप पुन्हा उघडलं, कागद तपासले, पोच दिली.

"मुलगी कुठाय?" त्यांनी विचारलं. "उमेदवाराची सही लागेल."

"मीच," शेवंताबाई म्हणाल्या आणि पेन घेतलं.

रविवारी मी पुण्याला परतले. पुस्तिकेतल्या कितीतरी व्याख्या मला नव्यानं लिहाव्या लागल्या. त्या कशा झाल्या ते वंदना ठरवेल. तिनं अजून मान्यता दिलेली नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मागे मुलांचा गोंधळ होता आणि कोणीतरी हुंदके देत होतं.

"मॅडम, चार विषय निघाले," शेवंताबाई म्हणाल्या. "गनित आन् इंग्रजी राह्यलं."

"अहो, चार म्हणजे..." मी धीराचे शब्द जुळवायला लागले.

"तुमी काहून रडवेल्या झाल्या? इथं ममताही रडून राह्यली. दर ऐतवारी गनित शिकवे ना, म्हनून. तिले म्हटलं, पेपर माहा होता, तू कायले रडते? जुलैत पुन्हा परीक्षा आहे. फॉर्म भरून आली मी सकाळीच."

"आजच? निकाल तर कालच लागला!"

"हो. दुकानापुढं माहाच पहिला नंबर होता."

मग त्यांनी विचारलं, इंग्रजीचं चांगलं पुस्तक कोणतं, आणि ते पुण्याहून पोस्टानं किती दिवसांत पोचेल.